भांडायला फ्लॅट

लग्नाला सात महिने झाले तरी माझं आणि माझ्या नवऱ्याचं एकही भांडण झालेलं नव्हतं. नातेवाईक कौतुक करायचे. "किती समजूतदार आहेत दोघं," असं माझी कल्याणची मावशी चारचौघांत सांगत सुटायची. समजूतदारपणाचा इथे काही संबंध नव्हता. आम्हाला भांडायला जागाच नव्हती.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. त्यात सासूबाई, सासरे, सी.ए.च्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारा दीर, कॉलेजात जाणारी नणंद आणि आम्ही दोघं. बाहेरच्या खोलीत चौघं झोपायची आणि स्वयंपाकघर आमचं. आमचं म्हणजे शेवटचं भांडं विसळून झाल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत. पाणी दिवसातून दोनदा यायचं, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, पाऊण-पाऊण तास. नळ स्वयंपाकघरात, पिंप स्वयंपाकघरात, त्यामुळे पावणेपाचला सासूबाई दाराबाहेर बांगड्या वाजवायच्या. दाराला कडी नव्हती. कधीतरी दार फुगलं तेव्हा ती उखडली आणि परत कोणी बसवली नाही, कारण स्वयंपाकघराला कडी कशाला लागते? सासऱ्यांना झोपेतून उठून पाणी प्यायची सवय होती. माणूस सज्जन, आत येण्याआधी तीनदा खाकरायचे. आम्ही ते तीन खाकरे ऐकून घ्यायचो आणि मगच निर्धास्तपणे झोपायचो.

भांडायला विषय नव्हते असं नाही. माझ्याकडे यादी होती. लग्न ठरल्यावर आम्ही दोघं कल्याणच्या काळा तलावाभोवती फिरायचो तेव्हा हा माणूस धबधब्यासारखा बोलायचा. आमचं अरे-तुरे चालायचं. लग्न झालं आणि मी घरच्यांसमोर 'अहो' म्हणायला लागले, आणि तो दोन शब्दांवर आला. 'हं' आणि 'बघू'. मी नोकरी करू का? बघू. कडी बसवून घेऊ या का? बघू. आईंना सांगशील का, की मला आमटीत एवढा गूळ घालता येत नाही? हं. बघू. आई एक म्हणाली की हा तिला हो म्हणणार, मी दुसरं म्हणाले की मला हो म्हणणार, आणि दोघी समोरासमोर आल्या की मूग गिळून पेपर वाचणार. हे सगळं मला एकदा त्याला मोकळ्या आवाजात सांगायचं होतं. कुजबुजत भांडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय, मध्येच हसू येतं आणि मुद्दा वाया जातो.

अशात कोलशेतचा तो फ्लॅट आला.

नवरा ठाण्यातल्या कोलशेतच्या एका कारखान्यात प्रशासन विभागात होता. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याची सोय करणं हे त्याचं काम. कारखान्याच्या जवळच एक नवीन प्रकारचं हॉटेल उघडलं होतं. खोल्या नाहीत, सगळे फ्लॅट. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, गाद्या-पडदे सगळं मालकाने हौसेने निवडून लावलेलं, आणि एकूण फ्लॅट फक्त बारा. हल्ली अशा ठिकाणाला बुटीक हॉटेल म्हणतात म्हणे. तेव्हा आमच्याकडे बुटीकमध्ये ड्रेस शिवून मिळायचे. तर मशीन बसवायला परदेशातून येणारा एक इंजिनिअर ऐनवेळी लांबला आणि फ्लॅट शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत रिकामा राहणार असं झालं. साहेब नवऱ्याला म्हणाले, "नवीन लग्न झालंय ना तुझं? जा, बायकोला घेऊन राहा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने 'बघू' न म्हणता हो म्हटलं. हे मी त्याच्या नावावर जमा धरते.

पण घरी सांगायचं कसं? आमच्या घरी हॉटेल म्हणजे मसाला डोसा खायची जागा. मुक्कामाला असतं ते लॉज, आणि लॉज हा शब्द सासऱ्यांसमोर काढायची कोणाची हिंमत नव्हती. त्यात डोंबिवलीत घर असताना नवरा-बायकोने ठाण्यात जाऊन राहायचं, याला कारण काय सांगणार? बुधवारी जेवताना नवऱ्याने ताटाकडे बघत सांगितलं, "कंपनीने कोलशेतला फ्लॅट दिलाय. राहायला."

सासूबाईंचा पोळी वाढणारा हात थांबला. "तुला?"

"हो. म्हणजे, आम्हाला दोघांना."

"किती खोल्या?"

"हॉल, बेडरूम, किचन."

"कधी जायचं?"

"शुक्रवारी."

कधीपर्यंत, हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. खोटं एक अक्षर बोलला नव्हता तो. मी आमटीचं पातेलं हातात धरून उभी होते. मला बोलता आलं असतं. पण सासूबाई उठल्या, त्यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि परत येताना पदराने डोळे पुसत होत्या. नणंदेने लगेच हिशोब केला की आता तिला स्वयंपाकघर मिळणार. दीर म्हणाला, "दादाला क्वार्टर मिळालं, मानलं बुवा." सासऱ्यांनी भाताचा घास गिळला आणि म्हणाले, "बघू."

"तू खुलासा कर," मी ओट्याशी भांडी घासताना कुजबुजले.

"करतो. उद्या करतो."

उद्या सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. तळमजल्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे आम्हाला कळेपर्यंत त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या होत्या. आता खुलासा करायचा म्हणजे पेढे परत मागण्यासारखं होतं. शुक्रवारी निघताना नवऱ्याने पत्ता लिहून दिला, अडीअडचणीला असावा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा. आम्ही चांगला दिवस बघून येतो." चांगला दिवस म्हणजे पंचांग, पंचांग म्हणजे निदान पंधरा दिवस, असं आम्ही धरून चाललो.

फ्लॅट पाहिला आणि मला रडूच आलं. सोफ्यासाठी नाही, गालिच्यासाठीही नाही. कड्यांसाठी. मुख्य दाराला कडी आणि वर लॅच, बेडरूमला कडी, स्वयंपाकघराला कडी, बाथरूमला दोन. मी एकेक लावून पाहिली. स्वयंपाकघरात विजेची शेगडी, एकसारखे सहा कप आणि इतकं स्वच्छ सिंक की त्यात हात धुवायला जीव होईना. मुख्य दाराच्या मुठीला आतून एक लाल कार्ड अडकवलेलं होतं, 'डू नॉट डिस्टर्ब'. टाय लावलेल्या पन्नाशीच्या मॅनेजरनी समजावून सांगितलं, "मॅडम, हे बाहेर लावलं की आमचा कोणी माणूस बेल वाजवणार नाही."

ते गेले. आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसलो.

"छान आहे ना," नवरा कुजबुजला.

"खूपच," मी कुजबुजले.

सात महिन्यांची सवय एका संध्याकाळी जात नाही. शेजारी खाडीचा वारा आणि समोर कारखान्याची भिंत, ऐकणारं कुत्रं नाही, आणि आम्ही बंद दाराआड एकमेकांच्या कानाशी लागून बोलत होतो. आवाज चढवायचा तर आधी तो शोधायला हवा होता. शनिवारी तो कामावर गेला तेव्हा मी एकटीने सराव केला. बेडरूममध्ये उभी राहून मोठ्याने म्हणाले, "हे मला चालणार नाही." बरं वाटलं. मग सगळी यादी एकदा म्हणून टाकली आणि वाटलं, आता उद्या.

"उद्या रविवार," संध्याकाळी मी त्याला सांगितलं, चांगलं खणखणीत. "उद्या सकाळी मला तुझ्याशी भांडायचंय."

त्याने नीट विचार केला. "चहाच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"बरं," तो म्हणाला, "माझेही एक-दोन मुद्दे आहेत."

हे मला नवीन होतं. याचे काय मुद्दे असणार?

रविवारी दहाच्या सुमारास चहा झाला. मी उभी राहिले, तो बसलेला. "पहिला मुद्दा," मी म्हणाले, "तू बघू म्हणतोस तेव्हा नक्की काय बघतोस?" आणि बेल वाजली.

दारात सासूबाई. नऊवारी नाही, पण ठेवणीतली जरीची सहावारी, हातात स्टीलचं पातेलं, त्यावर ताटली, काखेत नारळ. मागे सासरे. त्यांच्या मागे नणंद आणि आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्याच्या काकू, ज्यांना काही सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत डोंबिवली पश्चिमेलाही कळतं. आणि खाली फाटकाशी टेम्पो. मी खिडकीतून पाहिलं. त्यात फोल्डिंगची खाट होती, दोन गाद्या, तांब्याचा हंडा, पोळपाट-लाटणं, तांदळाचं पोतं आणि या सगळ्यांवर तुळशीची कुंडी धरून बसलेला दीर.

"रविवार, सगळ्यांना सुट्टी," सासूबाई म्हणाल्या. "पंचांग बघायला लागलं नाही." आणि उजवं पाऊल आत टाकलं.

नवऱ्याकडे मी बघितलं. तो सोफ्यावरचा टॉवेल उचलून घडी घालत होता आणि घडी झाली की परत उलगडत होता.

"सामान आणू का वर?" खालून दिराने ओरडून विचारलं.

"थांब," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "आधी दूध. मग सामान." हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

नव्या घरात शिरलं की चुलीवर दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. बाकी वेळी दूध उतू गेलं की आमच्या घरी अर्धा तास बोलणी बसतात, पण त्या दिवशी ते जायलाच हवं. पूर्वेच्या बाजूने गेलं तर फारच चांगलं. सासूबाईंनी विजेच्या शेगडीकडे बघितलं, मी बटण फिरवून दिलं, त्यांनी पातेल्याला हळदी-कुंकू लावलं. आम्ही सगळे त्या चकचकीत स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे राहिलो. एरवी दूध क्षणात उतू जातं, त्या दिवशी मात्र ते विचार करत बसलं. काकूंनी तेवढ्यात कपाटं उघडून पाहिली.

"सहाच कप?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"साबण किती एवढासा."

"कंपनीचाच."

मग दूध वर आलं, पूर्वेकडूनच आलं, सासूबाईंनी हात जोडले आणि सगळं दूध त्या लाल झालेल्या कॉइलवर गेलं. चर्र झालं, निळी ठिणगी उडाली, ठप्प असा आवाज आला आणि पंखा बंद पडला. आमचाच नाही, पूर्ण मजल्याचा. जळक्या दुधाचा धूर आम्ही दार उघडं ठेवल्यामुळे थेट बाहेर गेला. समोरच्या फ्लॅटमधून एक गोरा माणूस टॉवेल गुंडाळून, अर्ध्या तोंडावर दाढीचा फेस घेऊन बाहेर आला. काकूंनी डोळ्यांवर पदर घेतला आणि पदराच्या कडेने बघत राहिल्या.

"हे कोण?"

"शेजारी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ओल्या हातावर पेढा ठेवला. त्याने तो खाल्ला.

पाठोपाठ जिन्यावरून धावत मॅनेजर आले. टाय खांद्यावर उडालेला. मी भिंतीला टेकले. आता हा माणूस गेस्ट, चेक-आउट, रिसेप्शन असं काहीतरी बोलणार, काकूंना सगळं कळणार, आणि उद्या सासूबाईंना बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मला नवऱ्याचा असा राग आला की यादी न बघता भांडले असते.

"मॅडम, हे काय आहे? आमच्या हॉ..."

"या, या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी ना? तुमचीच वाट बघत होते. पेढा घ्या."

"मी मॅनेजर आहे."

"तेच ते. बघा ना, पहिल्याच दिवशी फ्यूज गेला. मुलाचं नवीन घर, दूध उतू घातलं, त्यात काही चुकलं का सांगा."

त्या त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. मॅनेजरनी शेगडी पाहिली, कुंकू लावलेलं पातेलं पाहिलं, काकूंना पाहिलं, माझ्या नवऱ्याच्या हातातला टॉवेल पाहिला. मग पेढा तोंडात टाकला आणि सावकाश संपवला.

"चुकलं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "सोसायटीच्या वायरिंगचाच दोष आहे. मी मीटिंगमध्ये विषय काढतो."

ते गेल्यावर नवऱ्याला राहवलं नाही. "आई, जरा आत ये," म्हणून तो त्यांना बेडरूममध्ये घेऊन गेला. मी मागोमाग गेले आणि कडी लावली.

"आई, ही जागा आपली नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हे हॉटेल आहे. उद्या सकाळी सोडायचंय."

"ठाऊक आहे मला."

"कधी कळलं?"

"फाटकावर. मी टेम्पोतून पुढे आले ना, काकू मागे रिक्षात होत्या. तो इथल्याच गावचा म्हातारा वॉचमन आहे, त्याने टेम्पो अडवला. म्हणतो, 'बाय, यो हाटेल हाय. इथं तुलस घेऊन कुठं चाललाव?'" सासूबाईंनी त्याची हुबेहूब नक्कल केली. "दोन मिनिटं काही सुचलं नाही. मग म्हटलं, काकू तर येऊन ठेपल्या. पेढे तर वाटून झाले. आता दूध घेऊन परत जाऊ?"

"मग मुद्दाम..."

"मुद्दाम शेगडी बिघडवली नाही हो. ते आपलं झालं. पण बरं झालं, आता सामान परत न्यायला निमित्त मिळालं. वायरिंग खराब आहे, दुरुस्त होईपर्यंत राहायचं नाही. काय?"

नवरा पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमटीचं पातेलं हातात घेऊन मी उभी होते ते आठवलं. सासूबाईंना फसवणारा तो एकटा नव्हता.

"रागवा ना आई," मी म्हणाले.

"बाहेर काकू आहेत. कुठे रागवू?" त्या त्याच्या शेजारी बसल्या. गादी हाताने दाबून पाहिली. खिडकीकडे, पडद्याकडे, दाराच्या कडीकडे बघितलं. "किती शांत आहे नाही इथे," म्हणाल्या. "मी तीस वर्षांत यांच्यावर एकदा आवाज चढवलेला नाही. आधी सासूबाई होत्या, मग दीर, मग तुम्ही पोरं. राहूनच गेलं." हे त्या हसत म्हणाल्या, गहू निवडायचे राहून गेले असं सांगावं तितक्या सहज.

मग बाहेर जाता जाता त्यांनी मुख्य दाराच्या मुठीवरचं ते लाल कार्ड पाहिलं. "हे काय लटकतंय?"

मी सांगितलं.

"नुसतं बाहेर लावायचं? आणि लोक बेल वाजवत नाहीत?"

"नाही वाजवत."

"मग सकाळी आत का होतं?" असं म्हणून त्या काकूंना घेऊन जिना उतरल्या. नणंदेला सोफ्यावर झोपायचं होतं, तिला दंडाला धरून नेलं. सासरे जाताना हॉटेलचा पेपर घेऊन गेले. टेम्पो तुळशीसकट परत गेला.

आता खरं तर रविवार दुपार, संध्याकाळ, सगळं आमचंच होतं. पण आईपुढे मान खाली घातलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि आपलीही मान वर नसेल तर मुळीच नाही. आम्ही दोघांनी मिळून ती शेगडी घासली. जळकं दूध निघता निघत नव्हतं. यादी तशीच राहिली.

सोमवारी सकाळी चाव्या देताना मॅनेजर म्हणाले, "दारावरचं कार्ड दिसत नाहीये मॅडम." मी चिडून म्हणाले की आम्ही तसली माणसं नाही. ते म्हणाले, "राहू द्या हो. मीही एक घरी नेलंय. कळव्याला एका खोलीत आम्ही सात जण आहोत. पण आमच्याकडे कोणी ऐकत नाही."

बिल्डिंगमध्ये सासूबाईंनी सांगून टाकलं की कोलशेत लांब पडतं, खाडीचे डास फार, आणि वायरिंगचा तर काकूंनी स्वतः अनुभव घेतलाय. लोक हळहळले. काकूंनी गोऱ्या शेजाऱ्याचं वर्णन करताना टॉवेल जरा आखूड केला. आम्ही परत स्वयंपाकघरात आलो, पावणेपाचच्या बांगड्या सुरू झाल्या.

पुढच्या रविवारी जेवणं झाली आणि सासूबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "चला. गणपतीच्या देवळात जायचंय."

"आत्ता? दोन वाजता?" सासरे म्हणाले. त्यांची वामकुक्षीची उशी तयार होती. "देऊळ बंद असतं."

"उघडेपर्यंत बसू." त्यांनी दिराची पुस्तकं त्याच्या हातात दिली, नणंदेला चपला घालायला लावल्या, आणि मी उठले तर मला म्हणाल्या, "तू नको. दूधवाला येईल." दूधवाला सकाळी येऊन गेला होता.

दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि मग बाहेर कडीशी काहीतरी खुडबुड. सगळे जिना उतरल्यावर मी दार उघडून पाहिलं. कडीला लोकरीच्या धाग्याने ते लाल कार्ड बांधलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. मला लाजेने घाम फुटला, आणि मी दार लावून घेतलं.

"भांडू या?" मी विचारलं.

"बघू," नवरा म्हणाला, आणि त्या शब्दावरून जे सुरू झालं ते साडेचारपर्यंत चाललं. मी यादी पहिल्यापासून घेतली. आवाज लागला माझा. गुळाच्या आमटीवर आले तेव्हा खालच्या मजल्यावरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला. पण त्याच्याकडेही मुद्दे होते, आणि चांगले होते. "मी सांगितलं नाही, कबूल," तो ओरडला. "पण तू उभी होतीस ना तिथे? तू का नाही बोललीस?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला खरं कारण सापडलं. "कारण आई रडल्या," मी म्हणाले, "आणि दोन मिनिटं मलाही वाटलं की आपल्याला खरंच घर मिळालंय."

तो उठला, हत्यारांचा डबा काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी बसवली.

पाचला पाच मिनिटं असताना बाहेरून तीनदा खाकरण्याचा आवाज आला. दार उघडलं तर सगळे जिन्यात ओळीने बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "पाटी होती ना. बेल कशी वाजवणार?" मग आत येऊन त्यांनी नवीन कडी पाहिली, कार्ड चहाच्या डब्यामागे ठेवलं आणि हंडा नळाखाली लावला.

त्यापुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी कमरेला पदर खोचला. "चला," नवऱ्याला, दिराला आणि नणंदेला म्हणाले, "देवळात जायचंय." सासूबाई उठायला लागल्या. "तुम्ही नको आई. दूधवाला येईल." सासरे उशीवर डोकं ठेवत होते, त्यांना काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं. त्या एकदम पोरीसारख्या लाजल्या आणि म्हणाल्या, "काहीतरीच तुझं." मी बाहेरून दार ओढलं आणि कडीला कार्ड बांधलं.

साडेचारला आम्ही परत आलो आणि जिन्यात बसलो. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, झोपले दोघं. मग सासूबाईंचा आवाज आला. तसा आवाज मी त्या घरात आधी ऐकला नव्हता आणि त्यांच्या मुलांनीही नाही. "तीस वर्षं," त्या म्हणत होत्या, "तीस वर्षं बघू, बघू. काय बघितलंत?" त्यांची यादी त्यांच्या लग्नाच्या पंगतीपासून सुरू झाली होती आणि अजून त्यांच्या थोरल्या नणंदेच्या डोहाळजेवणापर्यंतच आली होती.

"आई भांडतेय?" नणंद घाबरून उठली. माझ्या नवऱ्याने तिला हाताला धरून खाली बसवलं. "गप्प बस. पाटी लावलीय."

पाच वाजता नळाला पाणी आलं. भिंतीतून पाइपचा खळखळाट आम्हाला ऐकू येत होता. शेजारी-पाजारी हंडे-कळश्या भरल्याचे आवाज येत होते. आमच्या घरात नळ कोणी उघडला नाही. पावणेसहाला पाणी गेलं. तेव्हा त्या दिराच्या मुंजीपर्यंत आल्या होत्या आणि सासरेही बोलायला लागले होते.

सोमवारी सकाळच्या पाण्यापर्यंत आम्ही काकूंकडून आणलेल्या दोन कळश्यांवर भागवलं.